देणगीतला पैसा कार्यालयावर का खर्च होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका छोट्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेचे हिशेब मी गेली काही वर्षे पाहते. ही संस्था रुग्णोपयोगी साहित्य, म्हणजे व्हीलचेअर, वॉकर, फाउलर बेड (डोक्याची आणि पायाची बाजू वर-खाली करता येणारी खाट), कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, अनामत रक्कम घेऊन गरजू कुटुंबांना वापरायला देते. देणगीची पावती फाडताना किंवा फोनवर बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "यातले कार्यालयावर किती जातात?" प्रश्न रास्त आहे. कष्टाचा पैसा देणाऱ्याला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि एखादी टक्केवारी पुढे करून त्याला वाटेला लावणे मला बरे वाटत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरे येथे दिली आहेत.

मी दिलेला प्रत्येक रुपया थेट गरजूच्या हातात का पडत नाही?

कारण बहुतेक वेळा गरजूला त्या रुपयापेक्षा त्यातून होणारे काम हवे असते, आणि काम व्हायला माणूस, जागा, वीज, वाहन आणि वही लागते. एका व्हीलचेअरचेच उदाहरण घ्या. देणगीदाराने खुर्ची दिली, तिच्या पाठीवर त्यांच्या आईच्या नावाची पट्टी लावली, फोटो निघाला. खुर्ची पहिल्या घरी गेली आणि चार महिन्यांनी रुग्ण गेल्यावर मुलाने ती परत आणून दिली. तेव्हा तिच्या पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळून घट्ट बसलेले होते, डाव्या बाजूचा ब्रेक लागत नव्हता, बैठकीचे रेग्झिन एका कडेला उसवले होते आणि एक पायटेकण हरवले होते. आमचे मदतनीस जमिनीवर बसून ब्लेडने आणि चिमट्याने ते केस काढतात, आसाला ग्रीस लावतात, ब्रेकची तार आवळतात, सगळी खुर्ची जंतुनाशकाने पुसून गॅलरीत वाळवतात, आणि मग तिचा क्रमांक नोंदवहीत "उपलब्ध" या रकान्यात येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून आलेली एक मुलगी वडिलांसाठी तीच खुर्ची घेऊन जाते.

खुर्चीची किंमत हिशेबात "काम" म्हणून दिसते. मदतनीसांचा पगार, ग्रीसचा डबा, हरवलेले पायटेकण, ज्या खोलीत खुर्ची ठेवली त्या खोलीचे भाडे आणि ती नोंदवही हे सगळे "कार्यालयीन खर्च", म्हणजे हिशेबाच्या भाषेत "आस्थापना खर्च", म्हणून दिसते. पण एकच खुर्ची एकामागून एक दहा घरी जाते, ती याच खर्चामुळे. तो वाचवला असता, तर खुर्ची पहिल्या घरातून परत आलीच नसती, किंवा आली असती तर कोपऱ्यात गंजत पडली असती.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा अनुभव यापेक्षा कठीण होता. २०२१ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, लोकांनी ही यंत्रे मोकळ्या मनाने दिली आणि त्यातून जीव वाचले. हे यंत्र हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या पदार्थाच्या खड्यांत अडकवते आणि ऑक्सिजन पुढे सोडते. हे खडे दमट हवेने खराब होतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद पडून राहिले, तर बाहेरून नवे कोरे दिसत असूनही ते पुरेसा शुद्ध ऑक्सिजन देईनासे होऊ शकते. ते अधूनमधून चालवावे लागते, गाळण्या धुवाव्या लागतात, ऑक्सिजनची शुद्धता उपकरणाने तपासावी लागते. यंत्रे देणारे पुष्कळ भेटले. तपासणीच्या खर्चाची चौकशी मात्र आमच्याकडे एकाही दात्याने केली नाही.

आस्थापना खर्च म्हणजे नेमके काय? तो कुठे दिसतो?

मुंबईतल्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. (पूर्वी या कायद्याच्या नावात "महाराष्ट्र" ऐवजी "मुंबई" होते. जुने लोक अजून त्याला बीपीटी ॲक्टच म्हणतात.) या कायद्याखालच्या नियमांत हिशेबपत्रकांचे ठरावीक नमुने आहेत. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचे पत्रक. अनुसूची नऊच्या खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरील खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क, घसारा अशा ओळी येतात, आणि शेवटी "विश्वस्त संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च" येतो, ज्याचे धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर असे पोटभाग असतात.

या नमुन्यामुळे शिस्त येते, पण एक घोळही होतो. आमच्या मदतनीसांचा पगार कोणत्या ओळीत घालायचा? ते खुर्च्या दुरुस्त करतात, म्हणून तो वैद्यकीय मदतीवरचा खर्च म्हणता येईल. ते कार्यालय उघडतात आणि झाडतात, म्हणून तो आस्थापना खर्चही म्हणता येईल. एक सनदी लेखापाल तो एका ओळीत घालतात, दुसरे दुसऱ्या ओळीत घालतात, आणि दोघांचेही काही चुकलेले नसते. त्यामुळे दोन संस्थांच्या पत्रकांतल्या फक्त या एका ओळीवरून कोण काटकसरी आणि कोण उधळा हे ठरवू नये. पत्रक वाचताना लेखापालांची टिपणेही वाचावीत, आणि कळले नाही तर संस्थेला फोन करून विचारावे.

परदेशी देणगीच्या कायद्यात हा भेद अधिक स्पष्ट केला आहे. त्याच्या नियमांनुसार विश्वस्तांचे मानधन, कार्यालयाचे भाडे, वीज-टेलिफोन, हिशेब लिहिण्याचा आणि अहवाल भरण्याचा खर्च प्रशासकीय धरला जातो. रुग्णालयातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार मात्र प्रत्यक्ष कामाचा खर्च मानला जातो. शिक्षकाला वगळून शाळेची कल्पनाच करता येत नाही, हे त्या नियमाने तरी ओळखले आहे.

मग किती टक्के खर्च योग्य म्हणायचा?

हाच सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि माझे उत्तर अनेकांना आवडत नाही: सगळ्या संस्थांना लावता येईल असा एक आकडा नाही.

समजा, एका संस्थेने १० लाख रुपयांचा तांदूळ घेतला आणि ५० हजार रुपयांत तो वाटला. तिचा इतर खर्च पाच टक्क्यांच्याही आत दिसेल. दुसऱ्या संस्थेने तेवढ्याच रकमेत समाजसेविका नेमल्या आणि त्यांना रुग्णालयांच्या दाराशी बसवले. गावाहून आलेल्या माणसाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवणे, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून देणे, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला यांची जुळणी करणे हे त्यांचे काम. त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. ही तरतूद अनेक रुग्णांना ठाऊक नसते. एका समाजसेविकेने ती सांगून, पाठपुरावा करून एका रुग्णाला अशी खाट मिळवून दिली, तर त्या एका उपचारातच तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराहून अधिक रक्कम वाचू शकते. पण हिशेबात त्या संस्थेचा जवळजवळ सगळा खर्च "पगार" आहे. टक्केवारीवरून पाहिले तर पहिली संस्था आदर्श ठरते आणि दुसरी संशयास्पद, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

टक्केवारी आणखी एका तऱ्हेने फसवते. एका संस्थेने ४ लाख रुपयांच्या व्हीलचेअर घेतल्या आणि १ लाख रुपये आस्थापनेवर खर्च केले, तर आस्थापना खर्च २० टक्के झाला. त्याच खुर्च्या तिने घासाघीस न करता ९ लाखांना घेतल्या असत्या, तर तोच १ लाख १० टक्के दिसला असता. म्हणजे जी संस्था बाजारात चार दुकाने फिरून भाव पाडून घेते, तीच कागदावर वाईट दिसते! हे गणित मी अनेक देणगीदारांसमोर कागदावर मांडले आहे, आणि प्रत्येक वेळी समोरची व्यक्ती क्षणभर गप्प होते.

अमेरिकेत २०१३ च्या जून महिन्यात गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी देणगीदारांना उद्देशून खुले पत्र काढले आणि केवळ आस्थापना खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नका असे कळवले. धर्मादाय संस्थांची माहिती लोकांसमोर ठेवणे आणि त्यांना जोखणे हेच या तिघींचे काम असल्यामुळे त्या पत्राला वजन आहे.

पण कायद्याने काही मर्यादा घातली आहेच ना?

घातली आहे, मात्र ती पैसा कुठून आला यावर अवलंबून आहे. परदेशातून येणाऱ्या देणगीतून प्रशासकीय खर्च किती करता येईल याची मर्यादा पूर्वी ५० टक्के होती. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० मध्ये दुरुस्ती होऊन ती २० टक्क्यांवर आली.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबत, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात, एक गैरसमज इतका पक्का बसला आहे की तो खोडून काढताना माझी दमछाक होते. नियम असे सांगतो की कंपनीचा प्रशासकीय खर्च तिच्या त्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यांचा थेट खर्च त्यात येत नाही. तरीही अनेक कंपन्यांचे अधिकारी हाच पाच टक्क्यांचा आकडा संस्थेला लावतात. आमच्याकडे एकदा एका कंपनीने भाड्याची आणि हिशेबनिसाच्या पगाराची ओळ प्रस्तावातून काढून टाकायला लावली, आणि त्याच करारात दर तीन महिन्यांनी सविस्तर अहवाल, प्रत्येक लाभार्थ्याचे कागदपत्र, स्थळाची नोंद असलेली छायाचित्रे आणि स्वतंत्र लेखापरीक्षण मागितले. हे सगळे कोणी करायचे आणि कुठे बसून करायचे, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ते वर्ष आम्ही विश्वस्तांच्या खिशातून भागवले.

मुंबईतल्या साध्या, देशांतर्गत देणगीसाठी प्राप्तिकर कायद्याची अट वेगळ्या धाटणीची आहे. करसवलत टिकवायची असेल, तर संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी खर्च केला पाहिजे, आणि उद्दिष्टासाठी खरोखर लागणारा वाजवी प्रशासकीय खर्च या ८५ टक्क्यांत धरला जातो. विश्वस्तांच्या नातेवाइकांना भरमसाट पगार किंवा भाडे दिले, तर मात्र सवलतच धोक्यात येते.

सेवाभावी काम आहे, तर पगार कशाला? स्वयंसेवक मिळत नाहीत का?

मिळतात, आणि त्यांच्यावाचून आमचे काम चालणार नाही. शनिवारी दुपारी बँकेतून निवृत्त झालेले दोन गृहस्थ येऊन नोंदवही तपासतात. पण रुग्णाची गरज वार बघून येत नाही. मंगळवारी सकाळी नऊ वाजता टॅक्सी खाली उभी आहे, रुग्णाला घरी सोडले आहे आणि बेडच नाही, अशा वेळी दार उघडायला नेमलेला माणूसच लागतो. तो माणूस विरार किंवा कल्याणहून लोकलने लोंबकळत येतो, त्यालाही घरभाडे आहे, मुलांची फी आहे. कमी पगारावर तो सहा महिने टिकतो आणि मग सोडून जातो. कोणत्या कुटुंबाकडे कोणते यंत्र आहे, कोण फोन उचलत नाही, कोणाला अनामत परत करायची राहिली आहे ही सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते.

कायदाही संस्थेला मालकच मानतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते. संख्या वाढली की कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) आणि भविष्य निर्वाह निधी लागू होतो. हे व्हायलाच हवे. गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना गरिबीत ठेवावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

गाडगेबाबांनी तर स्वतःवर एक पैसाही खर्च केला नाही. मग आजच्या संस्थांना कसा लागतो?

हा प्रश्न श्रद्धेने विचारला जातो, म्हणून उत्तरही जपून देते. संत गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) अंगावर चिंध्या आणि हातात खापर घेऊन फिरले, लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळा, घाट आणि शाळा यांच्यासाठी लावला, हे खरेच आहे. जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देते, ती त्यांचीच. पण त्यांनी या वास्तू विश्वस्तांच्या हाती सोपवल्या, त्या चालत राहाव्यात म्हणून. धर्मशाळा रोज झाडावी लागते, पाण्याची टाकी धुवावी लागते, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवावी लागते. आणि बाबांच्या हातात कायम असलेला खराटा आठवा. साफसफाईला त्यांनी सेवेपेक्षा हलके काम कधी मानले नाही. आज त्याच खराट्याचा आणि तो धरणाऱ्या हाताचा खर्च आस्थापना खर्चात लिहिला जातो.

परळचे टाटा स्मारक रुग्णालयही याच अंगाने पाहावे. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या देणगीतून ते १९४१ मध्ये सुरू झाले. इमारत आणि सामग्री उभी करणारा दाता मिळाला, तरी कर्करोगाचे रुग्णालय वर्षानुवर्षे चालवायचे म्हणजे केवढा रोजचा खर्च! १९५७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ते हाती घेतले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. दात्याचे नाव दारावर आजही आहे आणि रोजच्या खर्चाचा मोठा भार सरकारी तिजोरीने उचलला आहे.

एवढ्या महागड्या मुंबईत जागा कशाला? पनवेलच्या पुढे जा की.

कारण रुग्ण परळमध्ये येतात. केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. व्हीलचेअर न्यायला येणाऱ्या बाईला दोन तास प्रवास करायला लावून भाडे वाचवले, तर आमचा खर्च तिच्या डोक्यावर गेला, एवढेच होईल. आमची खोली चाळीत तळमजल्यावर आहे, गल्लीत टेम्पो शिरत नाही, फाउलर बेड हातगाडीवरून न्यावा लागतो, तरीही जागा तीच हवी.

काही संस्था "शंभर टक्के देणगी थेट कामाला" असे लिहितात. ते खरे असते का?

असू शकते. अशा ठिकाणी भाडे, पगार आणि लेखापरीक्षण यांचा खर्च दुसरे कोणीतरी उचलत असते. कधी एखादा उद्योगसमूह, कधी विश्वस्त, कधी ठेवींवरचे व्याज. खर्च नाहीसा झालेला नसतो, त्याचा धनी वेगळा असतो. संस्थेने हे उघडपणे लिहिले असेल, तर त्यात काही वावगे नाही. न लिहिता केवळ शून्य खर्चाची जाहिरात केली असेल, तर मी सावध होईन, कारण शून्य खर्चात लेखापरीक्षणसुद्धा होत नाही.

देणगी मिळवण्यासाठी देणगीतलाच पैसा खर्च करणे योग्य आहे का?

मर्यादेत, होय. पावती पुस्तके छापणे, दात्यांना पत्र पाठवणे, ऑनलाइन देणगीवर कापले जाणारे शुल्क भरणे हे टळत नाही. कसोटी अशी लावावी की या खर्चातून त्याच्या कितीतरी पट देणगी येते का, आणि येत नसेल तर संस्था तो थांबवते का. तारांकित हॉटेलातल्या मेजवान्या करून देणग्या जमवण्याची पद्धत मला स्वतःला पटत नाही. काही संस्थांना त्यातून खरोखर मोठी रक्कम मिळते, हेही मी पाहिले आहे. रडणाऱ्या मुलांची छायाचित्रे वापरून केलेली जाहिरात स्वस्त पडत असली, तरी ती मी कधी मंजूर करणार नाही.

संस्था माझा पैसा उधळत नाही, हे मी कसे ओळखावे?

नोंदणी क्रमांक मागा. मुंबईतल्या बहुतेक सेवाभावी संस्थांच्या क्रमांकाआधी ई किंवा एफ हे अक्षर असते. वरळीला धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. संस्थांचे लेखापरीक्षण अहवाल तेथे सादर होतात आणि रीतसर अर्ज करून, शुल्क भरून ते पाहता येतात. पण आधी थेट संस्थेकडेच मागा. गेल्या तीन वर्षांची अनुसूची आठ आणि नऊ द्या असे म्हणा. जी संस्था ती हसतमुखाने देते, तिच्याबद्दल अर्धी खात्री तिथेच पटते.

पत्रक हाती आले की मी स्वतः प्रथम विश्वस्तांचे मानधन पाहते, मग "किरकोळ खर्च" या ओळीत केवढी रक्कम दडवली आहे ते पाहते, मग भाडे कोणाला दिले जाते ते विचारते, कारण जागा विश्वस्ताच्या मेहुण्याची असू शकते. त्यानंतर ताळेबंदात येणी आणि उसनवार पाहते. आस्थापना खर्चाची टक्केवारी मी शेवटी पाहते, आणि तीही तीन वर्षांची एकत्र.

मग प्रत्यक्ष जा. विचारा की गेल्या वर्षी किती साहित्य बाहेर गेले, किती परत आले, किती मोडले, किती हरवले. आपले किती हरवले हे ज्या संस्थेला सांगता येत नाही, तिने आस्थापनेवर फार कमी खर्च केला असण्याचीच शक्यता जास्त आहे. पैसे खाणाऱ्या संस्था या शहरात आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांना पकडायला हिशेबनीस, नोंदवही आणि लेखापरीक्षण लागते, आणि या तिन्ही गोष्टी आस्थापना खर्चातच मोडतात.

गणेशोत्सवातल्या वर्गणीबद्दलही बरेच जण विचारतात. कायमची नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम ४१ ग खाली परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. दारावर पावती पुस्तक घेऊन आलेल्या मुलांना त्या परवानगीचा क्रमांक विचारण्यात काहीच अवमान नाही.

पैशाऐवजी वस्तू दिली तर हा प्रश्नच मिटेल ना?

मिटत नाही. वस्तू ठेवायला जागा आणि सांभाळायला माणूस लागतोच. शिवाय प्राप्तिकराची ८० जी खालची वजावट केवळ पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर मिळत नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी लोकांच्या तोंडी ८० जी हेच नाव आहे.) रोख देणगी २,००० रुपयांहून अधिक असेल, तरी वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीची निवड केलेल्या व्यक्तीला ती मिळतच नाही. वस्तू द्यायचीच असेल, तर आधी फोन करून काय हवे ते विचारावे. आमच्याकडे वॉकर भरपूर आहेत आणि एअर बेडच्या पंपांची कायम ओढ असते.

संस्थेकडे पैसे शिल्लक असताना ती आणखी का मागते?

मार्च २०२० च्या टाळेबंदीत आमच्या देणग्या जवळजवळ थांबल्या आणि साहित्याची मागणी वाढली. त्या काळात पगार आणि भाडे शिलकीतून दिले गेले, म्हणून दार उघडे राहिले. उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम साठवण्याची मुभा प्राप्तिकर कायदाच देतो. सहा महिन्यांचा खर्च भागेल इतकी शिल्लक मला शहाणपणाची वाटते. काही वर्षे काम न वाढता ठेवीच वाढत असतील, तर मात्र दात्याने जरूर जाब विचारावा.

माझी देणगी केवळ साहित्यासाठीच वापरावी, अशी अट मी घालू शकतो का?

घालू शकता. पावतीवर तसे लिहून घ्या. ती रक्कम निर्दिष्ट निधीत जाते आणि संस्थेला ती दुसरीकडे वळवता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक देणग्या अशाच अटीच्या असतात. त्यामुळे कधी कधी नवीन दहा खुर्च्या घेण्याइतके पैसे बँकेत असतात आणि जुन्या चाळीस खुर्च्यांच्या टायरट्यूबसाठी काही नसते.

२०१४ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे ४०,००० लोकांना देणगीसाठी पत्रे पाठवली गेली. त्यांपैकी एका गटाला सांगितले होते की आस्थापना खर्च दुसऱ्या एका दात्याने आधीच उचलला आहे, तुमची देणगी पूर्ण कामाला जाईल. या गटाने इतर गटांपेक्षा जास्त देणगी दिली. मला त्यातून एक व्यवहार्य वाट दिसते. मोठी रक्कम देऊ शकणाऱ्याने आस्थापना खर्च उचलावा आणि तसे जाहीर करू द्यावे. त्यामुळे पाचशे रुपये देणाऱ्यालाही आपले पाचशे थेट साहित्याला गेल्याचे समाधान मिळेल.

आमच्या एका देणगीदार काकूंनी हे आपल्या परीने केले आहे. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या धनादेश देतात आणि पावतीवर "टायर, ट्यूब, ग्रीस आणि मामांचा पगार" असे लिहून घेतात. मामा म्हणजे आमचे मदतनीस. या वर्षी त्या रकमेतून पावसाळ्याआधी २२ खुर्च्यांची चाके बदलून झाली. उरलेल्या खुर्च्या खोलीच्या मागच्या भिंतीशी ओळीने लावून ठेवल्या आहेत.